गोळा आणि वाटी : मोटारीच्या चाकामागचा उखळी सांधा

पुण्याहून नगरकडे जाताना शिक्रापूरला डाव्या हाताला एक रस्ता फुटतो. तो आपल्याला पाबळला नेतो. शिरूर तालुक्यातले हे कमी पावसाचे गाव. इतिहासाच्या अभ्यासकांना ते मस्तानीच्या कबरीमुळे ठाऊक असते, तर विज्ञानाच्या विद्यार्थ्यांना ते ठाऊक असावे ते विज्ञान आश्रमामुळे. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली तो सुरू केला. हाताने काम करता करता शिकावे, आणि शिकलेल्याचा उपयोग गावातल्या कामाला व्हावा, हे त्यामागचे सूत्र. डॉ. कलबाग २००३ साली वारले. आश्रमाचे काम मात्र पुढे चालू राहिले. जुन्या जीपगाडीचे भाग वापरून ‘मेकबुल’ नावाचा एक छोटा ट्रॅक्टर येथे तयार झाला होता. मोडीत निघालेल्या वाहनातला कोणता भाग अजून चांगला आहे आणि कोणता फेकून द्यावयाचा, हे ओळखल्याशिवाय असा ट्रॅक्टर बनत नाही.

त्याच १९८३ सालच्या डिसेंबरात मारुती ८०० ही छोटी मोटार आपल्या देशात आली. तिचे उत्पादन २०१४ साली थांबले, परंतु त्या तीस वर्षांत बनलेल्या गाड्यांपैकी पुष्कळ गाड्या अजून गावोगाव दिसतात. कुणी तीत दुधाचे कॅन नेतो, कुणी बाजाराला जातो, कुणी आजारी माणसाला तालुक्याच्या दवाखान्यात पोहोचवतो. गाडी जुनी झाली, की तिच्या एका लहानशा भागाकडे विशेष लक्ष द्यावे लागते. मिस्त्री त्याला ‘बॉल जॉइंट’ म्हणतात. तुमच्या मुठीत मावेल एवढा हा भाग असतो. पण तो निखळला, तर चाक जागेवर राहत नाही. आज आपण या सांध्यामागचे विज्ञान पाहू.

बिजागरी आणि उखळ

प्रथम तुमच्या स्वतःच्या हाताकडे पाहा. कोपर वाकवा, सरळ करा. कोपराचा सांधा दाराच्या बिजागरीसारखा आहे. तो एकाच दिशेत वाकतो. आता खांदा फिरवा. हात वर-खाली जातो, पुढे-मागे जातो आणि स्वतःभोवती पिळताही येतो. खांद्याच्या आणि खुब्याच्या सांध्याला जीवशास्त्राच्या पुस्तकात ‘उखळीचा सांधा’ म्हणतात. हाडाचे गोल टोक दुसऱ्या हाडाच्या वाटीसारख्या खळग्यात बसलेले असते.

आता हेच पदार्थविज्ञानाच्या भाषेत मांडू. हवेत मोकळ्या सोडलेल्या घन वस्तूला सहा प्रकारे हालचाल करता येते. पुढे-मागे, डावीकडे-उजवीकडे आणि वर-खाली सरकणे हे तीन प्रकार. या तीन दिशांतल्या अक्षांभोवती फिरणे हे आणखी तीन. सांधा म्हणजे यांपैकी काही हालचालींना मनाई करणारी योजना. बिजागरी पाच हालचाली बंद करते आणि एकच ठेवते. उखळी सांधा सरकण्याच्या तिन्ही हालचाली बंद करतो, फिरण्याच्या तिन्ही मात्र मोकळ्या ठेवतो.

मोटारीच्या पुढच्या चाकाला नेमके काय हवे असते? खड्डा आला, तर चाक वर-खाली व्हावे. त्यासाठी त्याला धरणारा हात गाडीच्या लांबीला समांतर अशा अक्षाभोवती हलला पाहिजे. चालकाने सुकाणूचक्र, म्हणजे स्टिअरिंग, फिरवले तर चाक जवळजवळ उभ्या अक्षाभोवती वळले पाहिजे. या दोन्ही हालचाली एकाच वेळी होतात, कारण खड्डे वळणावरही असतात! परंतु चाकाने गाडीपासून पुढे, मागे किंवा बाहेर सरकता मात्र कामा नये.

जुन्या काळच्या मोटारींत याकरिता ‘किंगपिन’ नावाची जाड उभी खीळ वापरीत. चाक तिच्याभोवती वळे, आणि वर-खाली होण्यासाठी आणखी वेगळ्या खिळी लागत. प्रत्येक खिळीला स्वतंत्र ग्रीस भरावे लागे. जुन्या जीपगाडीचा पुढचा आस तर एकसंध असतो. तीत वळण्याचे काम बेअरिंगांवर होते, आणि उखळी सांधे असतात ते फक्त स्टिअरिंगच्या दांड्यांच्या टोकांना. छोट्या मोटारींत मात्र प्रत्येक पुढचे चाक स्वतंत्रपणे वर-खाली होते. तेथे एक गोळा आणि एक वाटी दोन्ही हालचालींची सोय एका जागी करतात.

चाकाला कोण धरून ठेवते?

मारुती ८०० सारख्या गाडीच्या पुढच्या चाकामागे डोकावून पाहिले, तर एक उभा जाड खांब दिसतो. त्यात शॉक ॲब्सॉर्बर असतो आणि त्याच्याभोवती स्प्रिंग. याला ‘स्ट्रट’ म्हणतात. अर्ल मॅक्फर्सन या अमेरिकन अभियंत्याने १९४० च्या दशकात ही रचना पुढे आणली, म्हणून तिला त्याचे नाव मिळाले. खांबाचे वरचे टोक गाडीच्या सांगाड्याला बसवलेले असते. खालच्या टोकाला एक ओतीव पोलादी तुकडा घट्ट बोल्ट केलेला असतो. त्याला मिस्त्री ‘नकल’ म्हणतात. चाक या नकलवर फिरते.

नकलचे खालचे टोक गाडीच्या मध्याकडून आलेल्या एका आडव्या हाताला जोडलेले असते. हा ‘लोअर आर्म’. आर्मचे आतले टोक रबरी बुशमधून सांगाड्याला बसते, आणि बाहेरच्या टोकाशी आपला बॉल जॉइंट असतो. याशिवाय स्टिअरिंगकडून येणारा ‘टाय रॉड’ नकलला ज्या ठिकाणी जोडला जातो, तेथेही असाच, जरा लहान, बॉल जॉइंट असतो. म्हणजे पुढच्या प्रत्येक चाकाला असे निदान दोन उखळी सांधे.

येथे एक महत्त्वाची गोष्ट लक्षात ठेवा. या रचनेत गाडीचे वजन स्प्रिंगमधून थेट खांबात आणि खांबातून चाकात जाते. खालच्या बॉल जॉइंटवर गाडीचे वजन पडत नाही. काही मोठ्या गाड्यांत मात्र स्प्रिंग खालच्या आर्मवर टेकलेली असते. तेथे वजन सांध्यातूनच जाते. हा फरक पुढे सांधा तपासताना आपल्याला लागणार आहे.

वजन नाही, मग बल कसले?

“वजन पडत नाही, मग एवढी काळजी कशाला?” असे तुम्ही विचाराल. त्याचे उत्तर तरफेत आहे.

समजा, गाडी जोरात ब्रेक लावून थांबते आहे. अशा वेळी पुढच्या एका चाकावर सुमारे ३००० न्यूटन भार आहे असे धरू. टायर आणि कोरडा रस्ता यांमधील घर्षणाचा गुणांक ०.७ घेतला, तर रस्ता त्या चाकाला मागच्या बाजूला

३००० × ०.७ = २१०० न्यूटन

इतक्या बलाने ढकलतो. ब्रेक नकलवरच बसवलेला असल्यामुळे ब्रेक आवळला असताना चाक, नकल आणि खांब ही एकच ताठ वस्तू आहे असे मानता येते. ही वस्तू दोन ठिकाणी धरलेली आहे. एक ठिकाण वर, जमिनीपासून समजा ७५ सेंटिमीटर उंचीवर. दुसरे बॉल जॉइंटपाशी, जमिनीपासून समजा १७ सेंटिमीटरवर. आता वरच्या टोकाभोवती बलांची आघूर्णे घेऊ. रस्त्याच्या बलाचे अंतर ७५ सेंमी, तर बॉल जॉइंटच्या बलाचे ७५ − १७ = ५८ सेंमी.

२१०० × ७५ = बॉल जॉइंटवरील बल × ५८

यावरून बॉल जॉइंटवरील बल सुमारे २७०० न्यूटन येते. पाहिलेत? रस्त्याने चाकाला लावलेल्या बलापेक्षा सांध्यावरचे बल मोठे आहे! पहारीने दगड उचलताना टेकूवर जसा आपल्या हातापेक्षा अधिक दाब पडतो, तसेच हे आहे. २७०० न्यूटन म्हणजे सुमारे पावणेतीन क्विंटलचे वजन. पन्नास किलोची कांद्याची साडेपाच पोती एका गोळ्यावर टांगल्यासारखे झाले.

गोळ्याचा व्यास २.२ सेंटिमीटर आहे असे धरा. त्याच्या मधल्या छेदाचे क्षेत्रफळ सुमारे ३८० चौरस मिलिमीटर येते. २७०० ला ३८० ने भागले, की दाब प्रत्येक चौरस मिलिमीटरला सुमारे ७ न्यूटन. म्हणजे वातावरणाच्या दाबाच्या जवळजवळ ७० पट. हे झाले केवळ ब्रेकचे. वळणावर आडवे बल येते, खड्ड्यात आदळताना क्षणभर याहूनही मोठे बल येते, आणि बलाची दिशा सारखी पालटत असते. माझे आकडे ढोबळ आहेत. तुमच्या ओळखीच्या गाडीची उंची टेपने मोजून तुम्ही ते पुन्हा काढू शकाल. उत्तर थोडे बदलेल, पण ‘सांध्यावरचे बल रस्त्याच्या बलापेक्षा जास्त’ हा निष्कर्ष बदलणार नाही. तो का बदलणार नाही, याचा विचार करा.

झिजेची सुरुवात रबरापासून

बॉल जॉइंट आत कसा असतो? एका पोलादी दांड्याच्या, म्हणजे स्टडच्या, टोकाला कठीण केलेला आणि गुळगुळीत घासलेला गोळा असतो. तो पोलादी घरात ठेवलेल्या वाटीत बसतो. पूर्वी वाटी धातूची असे आणि तिच्यात ग्रीस भरण्यासाठी बाहेर निपल असे. गाडी सर्व्हिसिंगला गेली, की ग्रीस गनने त्यात नवे ग्रीस दाबून भरीत. नंतरच्या गाड्यांत वाटीला टणक, निसरड्या प्लॅस्टिकचे अस्तर आले. ग्रीस कारखान्यातच भरून सांधा कायमचा बंद करू लागले. घराच्या तोंडाशी, स्टडभोवती, एक रबरी टोपी असते. गॅरेजात तिला ‘बूट’ म्हणतात.

ग्रीसचे काम गोळा आणि वाटी यांना एकमेकांपासून अलग ठेवण्याचे. बुटाचे काम ग्रीसला आत आणि धुळीला बाहेर ठेवण्याचे. उन्हाने, वयाने किंवा एखाद्या दगडाच्या माराने बुटाला चीर पडली, की कथा सुरू होते. पावसाळ्यात चिखलाचे पाणी आत जाते, उन्हाळ्यात फुफाटा. रस्त्यावरच्या धुळीत वाळूचे कण असतात. वाळूतल्या क्वार्ट्झची कठीणता मोहच्या मापश्रेणीवर ७ आहे. साधे पोलाद त्याहून मऊ. हे कण ग्रीसमध्ये मिसळले, की वंगणाचे रूपांतर पॉलिश पेपरात होते. भरीला पाणी गोळ्यावर गंज चढवते. गंजलेला गोळा खडबडीत होतो आणि प्लॅस्टिकच्या वाटीला कानशीसारखा खरवडू लागतो.

एकदा गोळा आणि वाटी यांमध्ये फट पडली, की झीज एकसारख्या वेगाने होत नाही. ती वाढत्या वेगाने होते. असे का व्हावे? फट नसताना बलाची दिशा बदलली, तरी गोळा वाटीला चिकटूनच असतो. फट पडल्यावर मात्र प्रत्येक वेळी गोळा मोकळ्या जागेतून जाऊन पलीकडच्या भिंतीवर आदळतो. हातोडी खिळ्यावर नुसती टेकवणे आणि मारणे यांत जो फरक, तोच येथे आहे. हातोडीचा संवेग अत्यल्प वेळात नाहीसा होतो, म्हणून बल फार मोठे येते. आदळण्याने फट वाढते, आणि वाढलेल्या फटीमुळे आदळणे अधिक जोराचे होते.

तुमच्या खुब्याच्या सांध्यातही वंगणाचा द्रव असतो. पण शरीर तो द्रव स्वतः तयार करते आणि लहानसहान इजा भरून काढते. लोखंडाला ही सोय नाही. आपले डोळे आणि कान हीच त्याची सोय.

मिलिमीटरभर ढिलाईची किंमत

“मिलिमीटरभर ढिले झाले तर काय बिघडले?” याचे उत्तरही गणितानेच काढू. टाय रॉडच्या सांध्यात १ मिलिमीटर ढिलाई आली असे समजा. (गॅरेजात या ढिलाईला ‘प्ले’ म्हणतात.) टाय रॉड नकलच्या ज्या दांडीला जोडलेला असतो, तिची लांबी १२ सेंटिमीटर, म्हणजे १२० मिलिमीटर धरू. मग चाक जास्तीत जास्त १/१२० रेडियन, म्हणजे जवळजवळ अर्धा अंश, आपल्या मर्जीने तिरके होऊ शकते.

अर्धा अंश डोळ्यांना दिसणारही नाही. पण ते चाक तसेच तिरके राहिले आणि गाडी सरळ गेली, तर दर किलोमीटरला ते १००० ÷ १२० = सव्वाआठ मीटरच्या आसपास आडवे घासले जाते. पाबळहून पुण्याला जाऊन यायचे, तर हे घासणे कित्येक शे मीटर होते. टायर एका कडेला का झिजतो, याचे हे उत्तर. नवा टायर घालून हा आजार बरा होत नाही.

सांधा कसा तपासावा?

प्रथम लक्षणे. खडबडीत रस्त्यावर हळू जाताना पुढच्या एका बाजूने ‘खट्‌-खट्‌’ आवाज येतो. सरळ रस्त्यावरही गाडी थोडी इकडे-तिकडे भरकटते आणि चालकाला स्टिअरिंग सारखे सावरावे लागते. जागेवर स्टिअरिंग वळवताना करकर ऐकू येते. टायर एकीकडे झिजतो. यांपैकी प्रत्येक लक्षणाची दुसरीही कारणे असू शकतात, म्हणून तपासणी हवी.

पुढचे सर्व काम जाणत्या मिस्त्रीने करावयाचे आहे; तुम्ही शेजारी उभे राहून पाहा. गाडी सपाट, टणक जमिनीवर उभी करतात. मागच्या चाकांना पुढून-मागून दगड किंवा ठोकळे लावतात. जॅकने गाडी उचलून लगेच सांगाड्याखाली भक्कम स्टँड देतात. नुसत्या जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखाली डोके किंवा हात घालावयाचा नाही, हा नियम मोडणारा मिस्त्री कितीही कुशल असला तरी त्याचे अनुकरण करू नका. जॅक हे उचलण्याचे साधन आहे, पेलून धरण्याचे नव्हे.

आता चाक अधांतरी लोंबते. मिस्त्री आर्म आणि नकल यांच्यामध्ये पहार घालून हलकेच वर-खाली दाबतो. सांधा चांगला असेल, तर काही हलत नाही. झिजला असेल, तर आर्म आणि नकल एकमेकांपासून हललेले दिसतात, आणि बोट ठेवल्यास ठोका जाणवतो. गाडी सांगाड्याखाली उचलली, तेव्हा सांध्यावरचा भार निघून गेला, म्हणून गोळा वाटीत मोकळा झाला. ज्या गाड्यांत स्प्रिंग खालच्या आर्मवर टेकलेली असते, त्यांत असे चालत नाही. तेथे चाक लोंबते ठेवले, तरी स्प्रिंग आर्मला खाली रेटून गोळ्याला वाटीच्या एका बाजूस दाबून धरते, आणि झिजलेला सांधाही घट्ट वाटतो. म्हणून अशा गाडीत जॅक आर्मच्या खालीच लावावा लागतो. तपासणी एकच, पण जॅकची जागा ठरते ती भाराच्या वाटेवरून.

दुसरी तपासणी चाक वरून आणि खालून धरून हलवण्याची. चाक डुगडुगले, तर दोष बॉल जॉइंटचा की चाकाच्या बेअरिंगचा? येथे मिस्त्री एक सुंदर युक्ती करतात. दुसऱ्या माणसाला ब्रेक दाबून धरायला सांगतात आणि पुन्हा चाक हलवतात. ब्रेक दाबल्याने चाक आणि नकल एकमेकांना घट्ट धरली जातात, म्हणजे बेअरिंगची ढिलाई झाकली जाते. तरीही चाक डुगडुगत असेल, तर दोष बेअरिंगच्या पलीकडे आहे. प्रयोगशाळेत आपण एक घटक स्थिर ठेवून दुसरा तपासतो ना? तीच रीत ही. चाक डावी-उजवीकडून धरून हलवले असता डुगडुग आली, तर संशय टाय रॉडच्या सांध्यावर घ्यावा.

बदलताना काय काय घडते?

झिजलेल्या सांध्यात नवे ग्रीस भरून फट बुजत नाही. तो बदलावाच लागतो. कित्येक छोट्या गाड्यांत खालचा बॉल जॉइंट आर्मपासून वेगळा काढताच येत नाही. तेथे आर्मसकट नवा जोड घालावा लागतो. काही गाड्यांत तो रिव्हेट किंवा बोल्ट यांनी बसवलेला असतो, काहींत आर्मच्या भोकात दाबून बसवलेला असतो. कोणत्या गाडीला काय, हे त्या गाडीच्या पुस्तिकेत दिलेले असते.

चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच थोडे सैल करतात. तसे न केल्यास नट फिरवण्याऐवजी चाकच फिरू लागेल. मग गाडी उचलून चाक काढतात आणि सांध्याचा स्टड सोडवतात.

स्टड बसवण्याच्या दोन रीती आहेत, आणि दोन्ही पाहण्यासारख्या आहेत. पहिल्या रीतीत स्टडला एक खाच असते. स्टड नकलच्या भोकात जातो आणि एक आडवा बोल्ट त्या खाचेतून जाऊन भोक आवळतो. स्टड पुरता वर गेला नसेल, तर बोल्ट आत शिरतच नाही. चूक झाली तर जोडच लागू नये, अशी ही योजना.

दुसऱ्या रीतीत स्टड निमुळता असतो. दर १० मिलिमीटर लांबीला त्याचा व्यास साधारण १ मिलिमीटरने कमी होतो. तो तशाच निमुळत्या भोकात बसवून टोकाला नट आवळतात. नट काढला, तरी स्टड बाहेर येत नाही! कारण काय? त्याच्या एका बाजूचा उतार सुमारे ३ अंशांचा आहे. उतरणीवर ठेवलेली वस्तू घसरू लागण्यासाठी उतार ‘घर्षणकोना’पेक्षा मोठा असावा लागतो. पोलादावर पोलाद, घर्षण गुणांक ०.१५ धरला, तर हा कोन सुमारे साडेआठ अंश येतो. ३ अंश त्याच्या कितीतरी खाली. म्हणून स्टड घर्षणानेच अडकून बसतो. लाकूड फोडण्याची पाचर ओंडक्यात रुतून बसते, ती याच कारणाने.

तो सोडवण्यासाठी खास पुलर मिळतो. तो नसला, तर जुने मिस्त्री स्टडवर घाव घालीत नाहीत. भोक ज्या डोळ्यात असते, त्या डोळ्याच्या बाजूवर हातोडीचा एक नेमका घाव घालतात. घावासरशी गोल भोक क्षणभर किंचित लांबट होते, पकड सुटते आणि स्टड खाली उतरतो. नट मात्र ते पूर्ण काढीत नाहीत. दोन-चार आटे ठेवतात, म्हणजे सुटलेला दांडा अंगावर येत नाही. स्टडच्या टोकावर हातोडी मारली, तर त्याचे आटे बिघडतात.

नवा सांधा बसवताना त्याची आणि भोकाची निमुळती बाजू कोरडी आणि स्वच्छ पुसतात. तेथे ग्रीस लावावयाचे नसते, कारण तेथे घर्षण आपल्याला हवे आहे. एकाच सांध्यात गोळ्यापाशी घर्षण नको आणि दांड्यापाशी हवे, ही मोठी गंमत आहे.

नट किती आवळावा? ‘अंगात जोर असेल तेवढा’ हे उत्तर चुकीचे. पुस्तिकेत आघूर्णाचा आकडा दिलेला असतो. उदाहरणार्थ, ४५ न्यूटन-मीटर हवे असेल आणि पान्याची लांबी ३० सेंटिमीटर असेल, तर पान्याच्या टोकाला १५० न्यूटन, म्हणजे साधारण १५ किलोचा जोर लावावा लागेल. पान्याला पाइप घालून लांबी दुप्पट केली, तर तेवढ्याच जोराने आघूर्ण दुप्पट होईल आणि आटे ताणले जातील. याकरिता टॉर्क पाना वापरतात.

शेवटी नटाच्या खाचेतून आणि स्टडच्या भोकातून स्प्लिट पिन घालून तिचे पाय दुमडतात. थरथरीने नट सैल होऊ पाहील, तर पिन त्याला अडवते. खाच आणि भोक समोरासमोर आले नाहीत, तर नट किंचित अधिक आवळून पुढची खाच जुळवावी. मागे सैल करू नये. पिन दर वेळी नवी घ्यावी. दोनदा दुमडलेल्या तारेचे काय होते, हे तुम्हाला ठाऊकच आहे.

आणखी एक बारकावा. आर्मच्या आतल्या टोकाच्या रबरी बुशचा बोल्ट शेवटचा आवळतात तो गाडी पुन्हा चाकांवर उभी राहिल्यावर. चाक लोंबते असताना तो आवळला, तर गाडी खाली येताच आर्म वर वळेल आणि रबर कायमचे पिळलेले राहील. ते लवकर फाटेल.

सर्व झाल्यावर चाकांची अलाइनमेंट तपासून घ्यावी. अर्ध्या अंशाचा हिशेब आपण वर केलाच आहे.

“अजून महिनाभर चालेल”

ढिला झालेला सांधा दाखवला, तर पुष्कळ वेळा मालकाकडून हे वाक्य ऐकू येते. एखाद्या भागाबाबत ते चालतेही. दाराचा रबर फाटला, तर पाणी गळेल. खिडकीची काच अडकली, तर गरम होईल. बॉल जॉइंटचे तसे नाही. झीज एका मर्यादेपलीकडे गेली, की वाटीचे तोंड गोळ्याला अडवू शकत नाही आणि गोळा बाहेर निसटतो. मग चाकाच्या खालच्या टोकाला धरणारे काहीच उरत नाही. चाक फाकते, गाडी त्या कोपऱ्यावर बसते, स्टिअरिंग फिरवून ते चाक वळत नाही. हे अंगणात गाडी वळवताना घडले, तर खर्चावर भागते. वेगात आणि समोरून ट्रक येत असताना घडले, तर खर्चाचा प्रश्नच उरत नाही. कोणत्या वेळी घडावे, हे आपण ठरवू शकत नाही. सांधा कधी बदलावा, एवढे मात्र ठरवू शकतो.

येथे शिक्षकांना एक विनंती. तरफ, घर्षण, संवेग, आघूर्ण हे सारे धडे या एका सांध्यात आहेत. गावातल्या गॅरेजात काढून टाकलेले सांधे एका कोपऱ्यात पडलेले असतात. मिस्त्रींना विनंती करून एखादा वर्गात आणावा. त्यांनाच बोलावता आले, तर अधिक चांगले. घावाने भोक लांबट होते, हे त्यांनी कधी या शब्दांत सांगितले नसेल. पण त्यांच्या हाताला ते माहीत असते. त्या माहितीला आकड्यांची जोड देण्याचे काम विद्यार्थ्यांनी करावे.

करून पाहा

१. गॅरेजातून आणलेला जुना सांधा रॉकेलने पुसून घ्या. हे शिक्षकांसमोर आणि विस्तवापासून दूर करा. स्टड हाताने फिरवून पाहा. कोणत्या हालचाली होतात आणि कोणत्या होत नाहीत, त्यांची यादी करा. स्टडच्या निमुळत्या भागाचे दोन ठिकाणचे व्यास आणि त्यांमधील अंतर मोजा. त्यावरून उताराचा कोन काढा.

२. एक जुनी प्लॅस्टिकची पट्टी घ्या. तिच्या एका भागावर नुसते ग्रीस लावा, दुसऱ्या भागावर चिमूटभर बारीक वाळू मिसळलेले ग्रीस. दोन्हींवर बोल्टचे डोके सारख्याच दाबाने शंभर वेळा घासा. पुसून भिंगाने पाहा.

३. लाकडी फळीवर खोडरबर ठेवून फळी हळूहळू कलती करा. रबर घसरू लागेल तो कोन मोजा. त्याची ‘टॅन’ किंमत म्हणजे घर्षण गुणांक. फळीला पावडर लावून पुन्हा मोजा.

विचार करा

१. बॉल जॉइंट जमिनीच्या जितका जवळ, तितके ब्रेक लावताना त्याच्यावरचे बल कमी की जास्त? वरील समीकरणावरून उत्तर काढा.

२. निमुळत्या दांड्याच्या एका बाजूचा उतार १० अंश ठेवला असता, तर काय झाले असते?

३. घराभोवती आणि शेतात आणखी कोठे उखळी सांधे दिसतात? प्रत्येक ठिकाणी बिजागरी वापरली असती, तर कोणती हालचाल अडली असती?